पालखीचा मानकरी

साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीपाशी त्यांच्या कुत्र्याचीही समाधी आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. ग्रँट डफ १८२६ सालच्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात सांगतो की, वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी सनदा काढून त्याला जहागीर दिली, पालखी दिली. दोन सरदार भेटीला यायचे, तर महाराजांनी त्याला जरीवस्त्रे, दागिने चढवले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि १७४९ साली देह ठेवीपर्यंत पुन्हा पगडी घातली नाही.

डफच्या लेखी हा विक्षिप्तपणा. वर्गात मीही तसेच शिकवीत आलो.

आमचा मोत्या दौंडच्या अक्काने दिलेला. शिरूरला वडिलांच्या आजारात तो रात्र रात्र त्यांच्या बाजेखाली बसून असे. ते गेले आणि तो बाजेवर चढून बसला. मी मानगूट धरून ओढले, तर गुरगुरला.

आई म्हणाली, "शाळेतल्या पोरांनाही असंच शिकवतोस का रे?"

मग मी भाकरी घेऊन बसलो. बाजेवर थाप मारून "वर" म्हणायचे. चढला की लहान तुकडा. जमिनीकडे बोट करून "खाली" म्हणायचे. उतरला की मोठा. उतरण्यात तोटा नाही हे त्याला उमगले आणि पंधरवड्यात तो शब्दासरशी उतरू लागला.

आता दिवेलागणीला आईच बाजेवर थाप मारते. "वर" म्हणते. "खाली" म्हणायचे मात्र तिला आठवत नाही.

खंड्याच्या पालखीला मी आता विक्षिप्तपणा म्हणत नाही.