संयुक्त मानापमान

राष्ट्रांत खळबळ उडाली असतां गवयानें काय करावें? मराठी रंगभूमीनें याचें उत्तर ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत दिलें. असहकारितेच्या त्या काळांत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले हे प्रतिस्पर्धी गायकनट ‘मानापमान’ नाटकांत भामिनी व धैर्यधर म्हणून एकत्र उभे राहिले. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरकारनें १९१० सालीं बंदी घातली होती, त्यांचें १९११ चें ‘मानापमान’ मात्र प्रेमकथेचें. पदें तींच, गोविंदराव टेंब्यांच्या चालीही त्याच. राष्ट्रकार्य घडलें तें दोन नाटक मंडळ्यांनीं आपापसांतील मानापमान बाजूस ठेविला म्हणून. तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव निवर्तले. ऐक्याचा तो मुहूर्त वेळेवर साधला होता.