हॅमरस्मिथच्या बागेतली आठ मैल तार

आधी जाड कोट घाला. जुलै महिना आहे म्हणून फसू नका. हा १८१६ सालचा जुलै आहे आणि इंग्लंडात यंदा उन्हाळा फिरकलेलाच नाही. गेल्या वर्षी दूर सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याने वर आकाशात जे काही उधळलं, त्याने ऊन अडवलंय. इथे हे कुणाला ठाऊक नाही. पाऊस थांबत नाही, शेतातली पिकं सडतायत आणि भर जुलैत घराघरात कोळसा पेटतोय, एवढंच लोकांना दिसतंय.

तुम्ही लंडनच्या पश्चिमेला, थेम्सकाठच्या हॅमरस्मिथमध्ये, अप्पर मॉलवर उभे आहात. ओहोटी लागलीय. उघड्या पडलेल्या चिखलाचा आणि होड्यांना फासलेल्या डांबराचा वास थेट घशात उतरतो. नदीवर इथे अजून पूल नाही, पलीकडे जायचं तर नावाड्याला हाक मारायची. मालाच्या होड्यांवरची माणसं एकमेकांवर खेकसतायत. पाठीमागे विटांचं मोठं घर आहे. पुढे कधीतरी याच घरात कवी विल्यम मॉरिस राहायला येतील, पण सध्या इथे रोनाल्ड्स कुटुंबाचं मोठं खटलं नांदतंय. धंदा चीजचा, घाऊक. लंडनमध्ये अप्पर थेम्स स्ट्रीटवर वखार आहे. घरातला मुलगा फ्रान्सिस लहान वयातच तिथे कामाला लागला आणि १८०६ मध्ये वडील गेल्यावर सगळा भार त्याच्यावर आला. आता तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, आणि त्याला तारेचं वेड लागलंय.

चला, मागच्या बागेत. वाकून चला, नाहीतर डोकं तारेला लागेल.

समोर दोन भक्कम लाकडी चौकटी आहेत, एकमेकींपासून वीस यार्डांवर. प्रत्येकीत एकोणीस आडव्या दांड्या, प्रत्येक दांडीला सदतीस आकडे, प्रत्येक आकड्याला रेशमी दोरीचा फास आणि त्या फासांतून जाणारी बारीक लोखंडी तार. या चौकटीवरून त्या चौकटीवर, तिथून पुन्हा इकडे. विणकराच्या मागावर ताणा लावावा तशी सगळी बाग भरलीय. गुणाकार करून बघा: एकसंध तार, जवळजवळ आठ मैल. रेशीम अशासाठी, की रेशमातून वीज निसटत नाही. त्या बाजारभावात इतकं रेशीम नुसतं आकड्यांना बांधायचं म्हणजे घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या भुवया वर गेल्या असणारच.

मला या माणसाची युक्ती फार आवडते. आठ मैल लांब असूनही तारेची दोन्ही टोकं एकाच जागी आलीत. एका टोकाला काय झालं आणि दुसऱ्या टोकाला ते किती वेळाने पोचलं, हे एकाच माणसाला उभ्या जागी ताडता येतं.

आता जरा मेहनत करा. विजेच्या यंत्राचा दांडा तुमच्या हातात आहे. काच फिरते, तिच्यावर कातड्याची गादी घासते. या दमट हवेत काच आधी विस्तवाजवळ शेकून घ्यावी लागते, नाहीतर कितीही घासा, वीज साठत नाही. फिरवत राहा. खांदा दुखायला लागला तरी फिरवा. थोड्या वेळाने मनगटावरची लव उभी राहते. नाकाला एक तिखट, धातूसारखा वास लागतो. वीज लेडनच्या बरणीत साठली. तारेच्या दोन्ही टोकांना हायड्रोजन भरलेली छोटी पिस्तुलं लावलीत. फ्रान्सिस बरणी तारेला टेकवतो.

धाड!

कान गच्च बसले ना? मग सांगा, बार किती झाले? एकच ऐकू आला. दोन्ही पिस्तुलं उडाली, मध्ये आठ मैल तार होती, आणि तुमच्या कानाला दोघांत तसूभर फरक कळला नाही. नदीवरचा नावाडी कुठून आवाज आला म्हणून इकडे मान वळवून बघतोय. त्याच वेळी पुण्यात जासूद निरोप घेऊन धावतायत, आणि इंग्लंडातही पत्र घोड्याच्या पायांपेक्षा वेगाने जात नाही. आरमाराकडे टेकड्यांवरच्या खुणांचे बुरूज आहेत, पण धुकं पडलं की तेही आंधळे. आणि यंदा तर रोजच झाकोळ.

आता पायाखाली बघा. चिखलात लांबच लांब चर खणलाय, ५२५ फूट लांब आणि चार फूट खोल. कडेच्या भिजक्या मातीला कुबट वास येतोय. तळाशी दोन इंची चौकोनी लाकडी पन्हळ, आतून-बाहेरून डांबर फासलेलं. पन्हळीत जाड काचेच्या नळ्या आणि नळ्यांतून तार. दोन नळ्या जिथे मिळतात तिथे त्यांच्यावर थोडी रुंद, आखूड नळी सरकवलीय आणि फटी मऊ मेणाने बुजवल्यात. गुडघे टेका, मेण बोटाने दाबून बघा. सांध्यात जरासं पाणी शिरलं की वीज जमिनीत पळाली. तारयंत्राची गोष्ट सांगताना लोक चमकणाऱ्या ठिणग्यांपाशी रमतात. माझ्या मते ती गोष्ट इथे आहे, या मेणात, ओल्या जमिनीतून वीज कोरडी न्यायच्या या खटाटोपात.

हात पुसा आणि आत या, मळलेले बूट बाहेरच. टेबलावर घड्याळाची चकती आहे. तिच्यावर कडेने वीस अक्षरं, आकडे आणि काही खुणा कोरल्यात. वर एक झाकण आहे आणि त्याला लहानशी खिडकी. चकती घड्याळाच्या ठेक्यावर सरकते, खिडकीत एका वेळी एकच अक्षर दिसतं. अगदी अशीच दुसरी चकती चराच्या पलीकडच्या टोकाला त्याच ठेक्यावर चाललीय. प्रत्येक चकतीपुढे भेंडाच्या दोन हलक्या गोळ्या दोऱ्याला टांगल्यात. तारेत वीज आहे तोवर त्या एकमेकींना ढकलून फाकलेल्या राहतात.

तुम्ही पाठवा ना काहीतरी. आजच्या हवेला शोभेलसं: इंग्रजीत ‘रेन’. घाई करू नका. आधी पिस्तुलाचा बार काढून पलीकडच्या माणसाला सावध करा. मग दोन्ही चकत्या जुळवायच्या. आता खिडकीकडे नजर. एन, ओ, पी... आर! तारेला हात लावा. वीज तुमच्या अंगातून जमिनीत गेली, बोटांना मुंगी चावल्यागत झालं आणि पलीकडे गोळ्या लटकन खाली आल्या. त्या क्षणी तिकडच्या खिडकीत जे अक्षर आहे, ते तुमचं. पुन्हा यंत्र फिरवून तार भरा. ए. आय. एन. एखादं अक्षर निसटलं तर चकतीची फेरी पुरी होईस्तोवर थांबायचं. जे, क्यू, यू, डब्ल्यू, एक्स आणि झेड तर चकतीवर नाहीतच; त्यांच्यावाचून शब्द ओळखता येतो. नेहमीच्या वाक्यांसाठी त्याने आकड्यांचा कोशही योजलाय, म्हणजे दर वेळी अक्षरं जुळवत बसायला नको.

पलीकडून आरोळी आली: पाऊस! दरवाज्यात डोकावणारी घरची मंडळी हसली. तुम्हीही हसा, पण मनात काहीतरी हललं असेल तर ते दाबू नका.

फ्रान्सिसने आरमाराला पत्र धाडलंय, येऊन बघा म्हणून. उत्तर ऑगस्टमध्ये येतं, जॉन बॅरो यांच्या सहीचं. आता कसल्याच तारयंत्राची गरज उरलेली नाही, सध्याचं आहे तेच चालेल, असा त्याचा आशय. मला ते वाचून आजही राग येतो. फ्रान्सिसने मात्र पेटंट घेतलं नाही, भांडायलाही गेला नाही. १८२३ मध्ये सगळं छापून मोकळा झाला, कुणीही वाचावं आणि करावं.

त्या पुस्तकात त्याचा विचार बागेच्या कुंपणाबाहेर कुठवर गेला होता ते दिसतं. काचेत गुंडाळून जमिनीत पुरलेली फार लांब तार स्वतःच लेडनच्या बरणीसारखी वीज धरून ठेवेल आणि निरोप रेंगाळेल, हे त्याने तेव्हाच ताडलं होतं. पुढे समुद्राखालून तारा टाकणाऱ्यांना याचाच मनस्ताप झाला. राजा ब्रायटनला आणि मंत्री लंडनला असले तरी मसलत व्हावी, असा त्याचा बेत होता. आणि कुणी नतद्रष्टाने तार उखडली तर? चर आणखी खोल खणा, तो सापडला तर धडा शिकवा, पण सापडो न सापडो, तार आधी जोडून घ्या.