माती खाल्ली!

मराठीत ‘माती खाल्ली’ म्हटलं की काय झालं ते वेगळं सांगावं लागत नाही. ऐन वेळी झेल सोडणारा खेळाडू माती खातो, जमत आलेल्या लग्नात भलतंच बोलून बसणारा मामा माती खातो, आणि बँकेतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी किती वेळा खाल्ली याची नोंद सुदैवानं पेन्शनच्या कागदांत नाही. माती खाऊन नाव काढलं ते एकट्या बाळकृष्णानं. त्यानं आ केला तेव्हा यशोदेला विश्वरूप दिसलं. मी आ केला की दाताच्या डॉक्टरला फक्त पुढचं बिल दिसतं.

तर असा मी, आणि माझ्या घरी आला ‘माती खाणारा’ मासा.

झालं असं, की चिरंजीवांची बदली बंगळूरला झाली आणि त्यांची चार फुटी काचेची पेटी आमच्या दिवाणखान्यात येऊन बसली. ‘‘बाबा, मासे पाळा. तुमचा वेळ जाईल,’’ असं सांगून तो गेला. माझा वेळ जात नाही अशी तक्रार मी कधीच केली नव्हती. तक्रार होती ती मी घरात असल्यामुळे हिचा वेळ जात नाही, अशी होती. पण ते असो.

माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, जिओफॅगस घ्या. एकदम गरीब जात. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.’’ आमच्या सोसायटीत असा एकही सभासद नसल्यामुळे मी लगेच पाच पिल्लं घेतली. सोबत त्याच्याच सल्ल्यानं शोभेची निळी-गुलाबी खडी घेतली. पेटी अशी सजली, की पाहुणे चहा विसरून तिच्याकडे बघत.

आठवड्याभरात एक मासा कोपऱ्यात जाऊन बसला. तोंड सुजलेलं. दाणे टाकले तरी हलेना. दिवसभर बाकीचे चौघेही खडे तोंडात धरत होते आणि थुंकत होते. मला तो खेळ वाटला होता. आठव्या दिवशी सकाळी तो मासा वर तरंगताना दिसला.

हिनं त्याला गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. हात धुतले आणि एवढंच म्हणाली, ‘‘अहो, भातात एक खडा लागला तर तुम्ही घर डोक्यावर घेता. त्या बिचाऱ्याच्या ताटात तुम्ही नुसते खडेच वाढलेत.’’

यावर उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मी वाचायला बसतो. ज्याला आपण मारलं तो होता तरी कोण, हे निदान कळावं, म्हणून मी या माशाचा इतिहास हुडकला. तो सुरू होतो एका लग्नापासून.

१८१७ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाची कन्या लिओपोल्डिना हिचं लग्न पोर्तुगालचा राजपुत्र दों पेद्रू याच्याशी झालं. नवरदेव होता ब्राझीलमध्ये. आपल्याकडे मुलीबरोबर पाठराखीण धाडतात. सम्राटानं शास्त्रज्ञांची तुकडी धाडली. त्यात योहान नाटरर नावाचा एकोणतीस वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ होता. बाकीचे वऱ्हाडी यथावकाश घरी परतले. परत येण्याचा हुकूम यालाही आला, पण हा गृहस्थ हलेना. राजकन्येची सम्राज्ञी झाली, १८२६ साली ती बिचारी वारलीसुद्धा, आणि तिच्या लग्नाला आलेला हा पाहुणा अजून अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पक्षी आणि मासे गोळा करत हिंडत होता! तिथंच त्यानं लग्न केलं. १८३५ मध्ये बेलें शहरात बंड झालं, त्यात त्याची बरीच चीजवस्तू गेली. तेव्हा कुठे, अठरा वर्षांनी, स्वारी निघाली आणि १८३६ साली व्हिएन्नाला पोचली. त्यानं जमवलेले नुसते पक्षीच बारा हजारांवर होते.

पण प्रवासाचं पुस्तक लिहायचं राहून गेलं. १८४३ साली नाटरर वारला. १८४८ च्या क्रांतीत व्हिएन्नाच्या राजवाड्याला आग लागली आणि त्याच्या रोजनिश्या जळाल्या. अठरा वर्षांचा हिशेब असा खाक झाला. बँकेत एक खतावणी हरवली तरी आम्हांला रात्र-रात्र झोप नसे. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

त्याच्या माशांचं बारसं मात्र तो जिवंत असताना झालं. व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या योहान याकोब हेकेल या मत्स्यतज्ज्ञानं १८४० साली ‘नाटररचे ब्राझीलमधले नवे नदीमासे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा मोठा प्रबंध छापला. ज्यानं चिखल तुडवला त्याचं नाव मथळ्यात घालण्याइतका हेकेल सज्जन होता. आज दुकानोदुकानी दिसणाऱ्या एंजल आणि डिस्कस माशांच्या प्रजातींची शास्त्रीय नावं याच प्रबंधातली. आणि आमच्या माशाचंही: जिओफॅगस. ग्रीक भाषेत ‘गे’ म्हणजे पृथ्वी, माती, आणि ‘फागेन’ म्हणजे खाणं. माती खाणारा! यातल्याच एका जातीला हेकेलनं ‘जुरुपारी’ हे ब्राझीलच्या आदिवासींच्या एका भुताचं नाव दिलं. पुढं १८६२ साली ग्युंथर नावाच्या पंडितानं तिच्यासाठी नवी प्रजाती केली, ‘सॅटॅनोपर्का’. म्हणजे सैतानच! कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माणसाला लोक काय काय म्हणतात, ते मी कचेरीत पाहिलं आहे. पाण्यातही तीच तऱ्हा.

यात हेकेलचा दोष काढवत नाही. त्याच्यासमोर होते ते बाटलीत, मद्यार्कात बुडवलेले मासे. घरी काचेच्या पेटीत मासे जगवायची विद्या अजून यायची होती. पाणवनस्पती, मासे आणि गोगलगायी एकमेकांच्या आधारानं कशा जगतात, ते लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं मांडलं १८५० मध्ये. तिथल्या प्राणिसंग्रहालयातलं मत्स्यालय उघडलं १८५३ मध्ये. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द फिलिप गॉस यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणला तो १८५४ मध्ये. आपल्या मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय सुरू व्हायला तर १९५१ साल उजाडलं. म्हणजे नाव आधी, ओळख मागाहून. पत्रिकेवरून ठरलेल्या लग्नासारखंच. पत्रिकेत एक असतं आणि मुलगा निघतो दुसराच.

मुलगा कसा निघाला, ते आता सांगतो.

खडी काढून टाकली. बारीक वाळू हवी होती. मी पिशवी घेऊन चौपाटीला निघालो, तेव्हा दुसऱ्या एका भल्या दुकानदारानं अडवलं. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो विरघळून पाणी जड होतं, आणि या माशांना अ‍ॅमेझॉनसारखं मऊ पाणी लागतं. शेवटी नदीची बारीक, गोलसर कणांची वाळू मिळवली. बादलीत धुऊन धुऊन माझी कंबर गेली. पंधराव्या पाण्याला गढूळपणा गेला, आणि हिचा माझ्यावरचा रागही थोडा निवळला.

वाळू घातली. थोड्याच वेळात एक मासा खाली आला, तोंड खुपसलं, घास घेतला. गाल हलले. आणि दोन्ही कल्ल्यांतून वाळूच्या बारीक धारा खाली पडू लागल्या. दुसरा आला, तिसरा आला. चौघे शांतपणे, ओळीनं, सगळा तळ पालथा घालत निघाले. मी हौसेनं लावलेलं रोपटं त्यात उपटलं गेलं, गाळणीच्या पंप्यात वाळू जाऊन तो घुर्रर्र करू लागला; पण मी उठलो नाही.

ही सुपात तांदूळ घेऊन शेजारी बसली होती. तिचा हात थांबला.

‘‘अहो, हा माती खात नाहीये. पाखडतोय!’’

मी पुस्तक उघडून पाहिलं. शास्त्रज्ञही या प्रकाराला पाखडणंच म्हणतात. तोंड हेच सूप. घासभर वाळूतून किडा-दाणा तेवढा ठेवायचा आणि वाळू पुन्हा नदीला द्यायची. नाटररनं अठरा वर्षं घालवली, हेकेलनं पंडिती केली, मी आठवडाभर ग्रंथ चाळले; आमच्या हिनं निकाल दिला तो सुपावरून नजर वर करून.

एकशे ऐंशीहून जास्त वर्षं त्या गरिबाच्या माथी ते नाव बसलं आहे. शास्त्रात एकदा ठेवलेलं नाव चुकीच्या अर्थाचं म्हणून बदलत नाहीत. त्यामुळे ते आता तसंच राहणार.

आता दर रविवारी मी तिसरा हिस्सा पाणी बदलतो. काढलेलं पाणी मोगऱ्याच्या कुंडीत घालतो. मासे चारच आहेत. पाहुणे विचारतात, ‘‘हे माती खातात म्हणे?’’

‘‘छे हो,’’ मी सांगतो, ‘‘या घरात माती एकदाच खाल्ली गेली. ती मी खाल्ली.’’

ही आतून म्हणते, ‘‘एकदाच?’’