घाटावरचा गहू, खाडीची कोळंबी

"खाडीची पायजे का वनामी?"

पनवेलच्या मासळी बाजारात मावशींनी हा प्रश्न विचारला आणि मी नेहमीसारखा बावचळलो. मी मूळचा बार्शीचा. लग्नाआधी कोळंबीचे दोनच प्रकार मला माहीत होते: हॉटेलातली आणि परवडणारी. पाटीत एका बाजूला एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, फॅक्टरीतून निघाल्यासारख्या कोळंब्या होत्या. दुसऱ्या बाजूला लहानमोठ्या, मातकट, काही अजून पाय हलवणाऱ्या. भाव जवळपास दुप्पट. मी दुसरीकडे बोट दाखवलं. मावशींनी वाटा पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "एवढीच हाय. आता खाडीची रोज कुठं येते?"

घरी पास्ता करायचा होता. शुक्रवार होता, बायकोचं ऑफिसमधलं मोठं रिलीज एकदाचं पार पडलं होतं आणि तिला बाहेर जायचा कंटाळा आला होता. दोघांपुरता बेत: कोळंबी, लसूण, टोमॅटो, सुकी मिरची आणि कपाटात महिनाभर पडून असलेलं स्पॅगेटीचं पाकीट. अर्ध्या तासाचं काम. पण मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना, आणि कोळंबी सोलता सोलता तो अर्धा तास फारच मागे गेला.

सुरुवात पाकिटापासून करतो. पास्त्याच्या पाकिटावर 'ड्युरम गव्हाचा रवा' असं लिहिलेलं असतं. हा शब्द मी बरीच वर्षं इटालियन समजत होतो. ड्युरम म्हणजे कडक दाण्याचा, पिवळसर झाक असलेला गहू. तो दळला की मऊ पीठ होण्याऐवजी रवाळ होतो, आणि त्याची कणीक ताणली तरी उकळत्या पाण्यात विरघळत नाही. आता हे वर्णन माझ्या आजीला ऐकवलं असतं तर ती म्हणाली असती, "म्हणजे बन्सी की." बरोबर, बन्सी म्हणजे ड्युरमच. महाराष्ट्रातल्या काळ्या, कोरडवाहू जमिनीत तो पिढ्यानपिढ्या पिकत आलाय आणि आपल्याकडच्या शेवया त्याच्याच रव्याच्या. उन्हाळ्यात आजी आणि शेजारच्या बायका मिळून पाटावर शेवया वळायच्या. मग कोणीतरी हाताने फिरवायचं मशीन आणलं. ते बाजेला आवळून बसवायचं, एकाने दांडा फिरवायचा, एकाने खालून शेवया झेलून काठीवर वाळत घालायच्या. दांडा फिरवायचं काम माझं होतं. त्या अर्थाने मी वयाच्या आठव्या वर्षापासून पास्ता बनवतोय, फक्त पगार नव्हता.

उगाच 'सगळं आपल्याकडेच होतं' हा सूर लावायचा नाहीये मला. वाळवलेल्या पास्त्याची सर्वांत प्रसिद्ध जुनी नोंद सिसिलीतली आहे. अल्-इद्रिसी नावाच्या अरब भूगोलकाराने ११५४ मध्ये लिहून ठेवलंय की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात पिठाच्या दोऱ्या बनतात आणि जहाजं भरभरून बाहेर जातात. तो त्यांना 'इत्रिया' म्हणतो. म्हणजे आज आपण ज्याला इटलीची ओळख मानतो, त्याची ठळक नोंद एका अरबाने अरबीत केलेली आहे. आणि त्या दोऱ्यांवर टोमॅटोचा सॉस नव्हता, कारण टोमॅटो तेव्हा अमेरिका खंडातून बाहेरच पडला नव्हता. इटालियन पाककृतीच्या पुस्तकात टोमॅटोचा सॉस येतो तो १६९० च्या दशकात, नेपल्समध्ये काम करणाऱ्या अंतोनियो लातिनीच्या ग्रंथात, आणि तिथेही त्याचं नाव 'स्पॅनिश पद्धतीचा' असं आहे. त्यांच्या लेखीही तो पाहुणाच होता.

आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात उतरली. चौल, वसई, आणि पनवेलहून तासाभरावर असलेलं उरणचं करंजा बेट त्यांच्याच ताब्यात होतं. टोमॅटो रुळला त्याच्या बराच नंतर, इंग्रजांच्या काळात. विदर्भात अजून काही घरांत त्याला भेद्रं म्हणतात. मिरची इतकी आपली झाली की ती बाहेरची म्हटलं तर लोक भांडायला उठतील.

इथवर मी कोळंबीची टरफलं आणि डोकी वेगळी काढली होती. ती फेकायची नाहीत. थोड्या तेलात लालसर परतून, पाणी घालून दहा मिनिटं उकळली की जो रस मिळतो त्याच्यासमोर पास्त्यातलं बाकी सगळं फिकं. ही युक्ती कुठल्या इटालियन व्हिडिओतली नाही, सासूबाईंची आहे.

सासूबाई पनवेल खाडीकाठच्या आगरी गावातल्या. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. पण या लोकांनी मिठाइतकाच भातही पिकवला, आणि तो ज्या जमिनीत पिकवला ते बघून मला इंजिनिअर म्हणून लाज वाटते. भरतीचं पाणी आत घुसू नये म्हणून चिखलमातीचा लांबच लांब बांध घालायचा. बांधात मध्येमध्ये उघाडी ठेवायची, म्हणजे पाणी आतबाहेर करायचं दार. पावसाचं गोडं पाणी साठवून जमिनीतला खार खाली ढकलायचा आणि खारं पाणी सोसणारं भात लावायचं. बांध फुटला तर शेत पुन्हा खारं. एका घराने सांभाळून भागत नाही, सगळ्या गावाने राखावा लागतो. आणि याच उघाडीतून भरतीबरोबर मासळी आत यायची. तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या. तळ्यात सोडलेला जिताडा वेगळाच. रायगडात जिताड्याची काय इज्जत आहे ते इथल्या जावयांना विचारा. मला पहिल्या वर्षी मिळाला होता.

सासूबाईंच्या आठवणीत कोळंबी ही विकत आणायची वस्तू नाही. "भाजीला काय नसलं तर कोलबी," असं त्या म्हणतात. मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं त्या चेष्टा करतायत.

आता घाटावरचा गहू आणि खाडीची कोळंबी एका कढईत येणं ही आमच्या लग्नाची कमाल असं मला बरेच दिवस वाटत होतं. तसं नाहीये. पनवेल हे गाव उभं राहिलं तेच मुळी या देवाणघेवाणीवर.

एक्स्प्रेस वेच्या आधी, रेल्वेच्याही आधी, मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेलला यायचं. भरती असेल तर बंदरापर्यंत, ओहोटीत अडकलात तर चिखल बघत बसायचं. पनवेलहून पुढे खोपोली आणि बोरघाट. घाटातून बैलांच्या पाठीवर देशावरचं धान्य खाली यायचं आणि परतीला मीठ आणि सुकी मासळी वर जायची. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलची चलती आली. इथली नगरपालिका १८५२ ची, म्हणजे देशात पहिली प्रवासी रेल्वे धावली त्याच्या एक वर्ष आधीची. पण त्याच रेल्वेने घात केला. ती कल्याण-कर्जतवरून गेली, १८६३ मध्ये बोरघाट चढली आणि पनवेलचं बंदर बाजूला पडलं. बरीच दशकं.

सुकी मासळी मात्र वर जात राहिली. बार्शीच्या आठवडी बाजारात एका कोपऱ्यात सुकट आणि बोंबलाचे ढीग असायचे. आई नाकाला पदर लावून घ्यायची, पण घ्यायची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला कॉलेजात असताना. त्याचा वास त्याच्या दहा वर्षं आधीपासून आमच्या स्वयंपाकघरात होता.

पाणी उकळलं. मीठ भरपूर. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढायचा आणि त्याचं एक वाटी पिठूळ पाणी राखून ठेवायचं. ते पाणी आणि तेल एकत्र ढवळलं की सॉस पास्त्याला धरतो, नाहीतर ताटात तवंग वेगळा आणि शेवया वेगळ्या. दुसऱ्या कढईत तेल, भरपूर लसूण, मिरची, बारीक चिरलेले टोमॅटो, मग तो टरफलांचा रस. कोळंबी सगळ्यात शेवटी, जेमतेम दोन मिनिटं. ती इंग्रजी 'सी' सारखी वळली की झाली. पूर्ण गोल झाली तर रबर.

तेवढ्यात बायको आली, कढईत डोकावली आणि म्हणाली, "अरे, ही खाडीची आहे?" वासावरून. मी मान हलवली. "कुठून आणलीस? आईला फोटो पाठव."

मग वनामी म्हणजे काय ते तिला विचारलं. वनामीचं मूळ घर प्रशांत महासागराचा अमेरिकेकडचा किनारा, मेक्सिकोपासून पेरूपर्यंत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तळ्यांमधून टायगर कोळंबी वाढवायचे. त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी बसली. २००९ मध्ये वनामी पाळायला सरकारी परवानगी मिळाली आणि आंध्रच्या किनाऱ्यावर तिने सगळं व्यापून टाकलं. ॲपवरून घरी येते ती बहुधा हीच. वाईट नसते, मी बऱ्याचदा खातो. पण गंमत बघा: इतर दिवशी मी हाच पास्ता करतो तेव्हा त्यात शेवया बन्सीच्या भाऊबंदांच्या, मिरची चारशे-पाचशे वर्षं मुरलेली, टोमॅटो माझ्या पणजीच्या ओळखीचा, आणि ताटातली सगळ्यात नवी परदेशी पाहुणी कोण, तर कोळंबी. खाडीपासून एक किलोमीटरवर बसून.

खाडीची का येत नाही, याचं उत्तर माझ्या पायाखाली आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली. मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं तत्त्व आलं. कामोठ्यातली आमची सोसायटी अशाच एका साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर आहे. फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने 'टायटल क्लिअर' म्हणून कागद दाखवले होते, त्यातला हा शब्द मला तेव्हा कळलाच नव्हता. मला तो व्याजदरासारखा काहीतरी वाटला. उरलेले साडेसत्याऐंशी टक्के म्हणजे काय, हे घरात सून म्हणून आलेल्या मुलीने समजावलं. ईएमआय आम्ही दोघं भरतो.

खाजणं भरली, बांध गेले, उघाड्या गेल्या. तळोजा औद्योगिक वसाहतीतून येणारी कासाडी नदी याच खाडीला मिळते. तिच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. पलीकडे ११६० हेक्टरवर विमानतळ झाला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. आम्हाला तो सोयीचा आहे. बार्शीला जायला नाही, पण बायकोला कामासाठी बंगळुरूला जावं लागतं, आणि घरातून निघून अर्ध्या तासात चेक-इन हे सुख नाकारण्याइतका मी थोर नाही. सासूबाईही एकदा ते बघायला गेल्या. काच, कमळासारखे खांब वगैरे सगळं पाहिलं. परत येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "हितं आमी पाग टाकायचो," आणि खिडकीतून बोट दाखवलं. मी बघेपर्यंत उड्डाणपूल आला होता.

जेवायला बसलो. बायकोने काटा बाजूला ठेवला, एक डोकं मी रसातून वाचवून ताटात ठेवलं होतं ते उचलून चोखलं आणि डोळे मिटले. पास्त्याबद्दल म्हणाली, "चांगल्या झाल्यात शेवया." मी दुखावल्याचं नाटक केलं.

फोटो पोचला होता. सासूबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"जावईबापू, कोलबी खाडीचीच हाय. पण त्याच्यात चिच नाय टाकली?"

"नाही हो, टोमॅटो आहे ना."

"बरं." थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "कोनाकडून घेतली? तिला सांगा, परत आली तर माझा वाटा ठेव. मी सोडे करून देते, तुमच्या आईला बार्शीला पाठवा."