कूलरला ‘थोडा थोडा’ करंट येतोय? मग पाणी भरण्याआधी हे वाचा

होळी झाली की नागपुरात गच्चीवरचे, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. टाकी घासली जाते, नव्या ताट्या येतात, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर चढतो. पुढचे तीन महिने घरात वादाचा विषय एकच, आज पाणी कोण भरणार?

आणि दर दोन-चार घरांमागे एका घरात हे वाक्य ऐकू येतं, “हात नको लावू त्याले, थोडा थोडा करंट मारते.” सांगणारा इतक्या सहज सांगतो की जणू तो कूलरचा स्वभावच आहे.

आमच्या घरीही काही वर्षं असंच चाललं. आई रबरी चप्पल घालून पाणी भरायची आणि चालू कूलरला आम्ही हात लावायचा नाही, हा घरचा नियम होता. नियम चांगला होता, पण त्या नादात बिघाड दुरुस्त करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

कूलरचा शॉक लागून मृत्यू, ही बातमी विदर्भातल्या पेपरांत उन्हाळ्यात येतेच. महावितरणही दर उन्हाळ्यात कूलर सांभाळून वापरण्याचं आवाहन करतं. म्हणून गारव्याचं नंतर बघू, आधी करंटचं बोलू.

करंट येतो कुठून?

कूलरमध्ये वीज दोन ठिकाणी काम करते. एक पंख्याची मोटर आणि दुसरा टाकीतल्या पाण्यात बसलेला छोटा पंप. या पंपाची वायर वर्षभर गच्चीवर उन्हात वाळते, कडक होते, तिला चिरा जातात. कधी उंदीर कुरतडतो. कधी वायर आखूड पडली म्हणून आपणच जोड देतो, वर टेप गुंडाळतो आणि तो जोड पाण्याला टेकतो. मग वीज पाण्यात उतरते आणि पाण्यातून कूलरच्या पत्र्यात येते.

आता ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी पत्र्याला हात लावला, तर विजेला जमिनीत जायची वाट त्याच्या शरीरातून मिळते. ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त वीज वाहू देते. 10 ते 20 मिलिअँपिअरच्या आसपास करंट गेला तरी हाताचे स्नायू आखडतात आणि माणसाला हात सोडवताच येत नाही. त्याहून जास्त करंट छातीतून गेला तर हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणजे काल चप्पल घालून फक्त झिणझिण्या आल्या, त्याच कूलरला आज ओल्या पायांनी हात लावला तर जीव जाऊ शकतो. बिघाड तोच असतो, बदललेले असतात फक्त पाय.

तिसरी पिन कशाला असते?

थ्री-पिन प्लगमधली वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. तिला जोडलेली हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेली असायला हवी. पत्र्यात वीज उतरली तर ती या वायरने जमिनीत जाते, माणसातून नाही.

प्रत्यक्षात काय होतं? बोर्डात बसत नाही म्हणून ती पिन तोडली जाते. किंवा साधा टू-पिन प्लग लावला जातो. जुन्या घरांत आणखी एक फसवणूक असते. सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नसते. हे बाहेरून कळत नाही, इलेक्ट्रिशियनला सॉकेट तपासायला सांगावंच लागतं.

यातला सगळ्यात धोकादायक घरगुती उपाय म्हणजे प्लग उलटा करून लावणं. टू-पिन प्लग फिरवून लावला की कधीकधी करंट खरोखर कमी होतो, म्हणून लोकांना वाटतं की काम झालं. पण तिथे फक्त फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते, तुटकी वायर तशीच असते. वर कूलरचं बटण आता न्यूट्रलवर येऊ शकतं. म्हणजे बटण बंद, पंखा थांबलेला, तरी आत वीज आहेच.

“आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल,” असंही ऐकायला मिळतं. नाही पडणार. एमसीबी जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो. माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या दृष्टीने इतका थोडा असतो की त्याला तो कळतही नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेली आणि परत आलेली वीज तो सतत ताडून पाहतो आणि घरगुती वापराच्या आरसीसीबीत सुमारे 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात लाइन तोडतो. त्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघा. दाबूनही पडला नाही तर तो भिंतीवर नुसता शोभेला आहे.

झिणझिण्या आल्या तर कूलर बंद करा, प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका. पंपाची वायर चिरली असेल तर टेप लावत बसू नका, पंपच बदला. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरून चालू नका. आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पाइप सोडून भरत असाल तरीही.

कुणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर त्याला हाताने ओढायला जाऊ नका. आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करा, लगेच 108 ला फोन लावा. श्वास चालू नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहा.

आता गारव्याचं

नागपुरात मे 2013 मध्ये 47.9 अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. अशा शहरात कूलर चालतो तो कोरड्या हवेच्या जिवावर. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, एवढंच त्याचं तंत्र. मे महिन्यात बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर बऱ्या स्थितीतल्या कूलरमधून साधारण 28-29 अंशांची हवा येते. तोच कूलर पहिल्या पावसानंतर, 36 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत जेमतेम पाच अंश उतरवतो. त्यामुळे जूनमध्ये “कूलर बिघडला” म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी आभाळाकडे बघा.

नवतपा चालू आहे, हवा कोरडी आहे आणि तरी खोली गार होत नाही? मग आधी समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी आहे का ते पाहा. कूलर सतत ओली हवा आत ढकलतो. ती बाहेर गेली नाही तर खोलीत नुसतं चिकचिक होतं. एसीची सवय झालेली मंडळी सगळं बंद करून बसतात आणि कूलरला शिव्या घालतात.

त्यानंतर ताट्या. प्लग काढून ताट्यांवर हात फिरवा. मधेच कोरडा पट्टा लागला तर तिथून गरम हवा तशीच आत येतेय. कारण बहुतेक वेळा वरच्या पाइपमध्ये सापडतं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याची भोकं बुजतात, जाड सुईने ती मोकळी करता येतात. वूडवूलची ताटी एका हंगामाची सोबती. दबून खाली बसली, पांढरी कडक झाली की बदलायची. हनीकोंब जास्त टिकतो, पण त्यालाही क्षार सोडत नाहीत. टाकीत रोज नुसती भर घालत गेलं तर पाणी उडतं आणि क्षार मागे साठत जातात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी काढून टाका. वाळ्याच्या ताटीचा वास मला सगळ्यात आवडतो, ते वेगळं.

पंप घूं घूं करतो पण पाणी चढवत नाही, म्हणजे बहुधा आतल्या पात्यात वूडवूलचे धागे अडकलेत. प्लग काढून जाळी उघडा आणि साफ करा. पाण्याशिवाय चालला तर पंप जळतो, त्यामुळे पातळी बघत जा. पंखा नुसता आवाज करतो आणि काठीने ढकलल्यावर फिरतो, तर कपॅसिटर गेलेला असू शकतो. तो स्वस्तात बदलून मिळतो, पण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते, तेव्हा ते काम मिस्त्रीचंच.

पाऊस लागल्यावर खिडकीत तसाच सोडलेला कूलर डेंग्यूच्या डासाला आयतं घर देतो. महापालिकेची पथकं घरोघरी कूलर तपासतात ती याचसाठी. हा डास टाकीच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी लागलं की अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून देऊ नका, ब्रशने कडा घासा. जुन्या ताट्या फेका, टाकी कडक उन्हात वाळवा, गंजलेल्या जागी रंग लावा. पंप मात्र बाहेर काढून घरात ठेवा, म्हणजे पुढच्या होळीला त्याची वायर धड सापडेल.