टीव्हीमागची डबी

परवा घराला रंग काढला. गच्चीवरचा गंजका पाइप दाखवून रंगारी म्हणाला, "साहेब, हा भंगारात टाकू का?" पाइपाला अँटेनाच्या दोन काड्या अजून लोंबत होत्या. मी म्हटलं, राहू दे. आणि मग दिवसभर डोक्यात त्या डबीचा इतिहास फिरत राहिला. चाळिशीच्या पुढचे असाल तर तुमच्याही टीव्हीमागे ती असणार.

आमच्या गावात केबल आली 1993-94 च्या सुमाराला. तोवर घरात अँटेनाची चपटी वायर होती. 1984 मध्ये देशात काही महिने रोज एक या वेगाने प्रक्षेपक उभे राहत होते. आमचा लघुशक्ती प्रक्षेपक त्याच लाटेतला, त्यामुळे चित्र येण्याइतपत यायचं. मग केबलवाल्याची गोल काळी वायर खिडकीतून आत आली. टीव्हीच्या मागे भोक मात्र एकच!

आमच्या अण्णांनी पहिल्याच रात्री दोन्ही वायरी सोलून एकमेकींना पीळ घातला. झालं, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंना दोन डोकी. एकाच्या बाजूला दुसरी सावली, वरून तिरप्या रेघा. दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीवाले काका आले, पीळ बघून हसले. त्यांनी सांगितलं ते मला अजून आठवतं. केबलवाल्याने दूरदर्शन नेमकं त्याच नंबरावर ठेवलेलं, ज्या नंबरावर ते हवेतून येतं. तेच चित्र दोन वाटांनी यायचं, पण एक आधी आणि एक उशिरा. टीव्ही बिचारा दोन्ही दाखवणार. वर चपटी वायर 300 ओहमची, गोल वायर 75 ओहमची, त्यामुळे पीळ घालून त्यांचं जमणारच नव्हतं. आणि गंमत म्हणजे केबलचं चित्र उलटं अँटेनातून बाहेर पडायचं. "शेजाऱ्याला फुकट केबल दाखवताय अण्णा," असं काका म्हणाले.

काहींनी एका वायरीच्या दोन करायचा जॉइंट उलटा लावला. दोन वायरी आत, एक बाहेर. हे चालायचं, पण निम्म्याहून जास्त ताकद त्या जॉइंटमध्येच जायची. गावाबाहेरच्या वस्तीत मुळात सिग्नल कमी, तिथे नुसत्या मुंग्या. शेवटी बहुतेकांनी काकांकडून बटणवाली डबी घेतली. बटण वर केलं की केबल, खाली केलं की अँटेना. एकत्र आणण्याचा नाद सोडून एका वेळी एकच.

आता मुद्द्यावर येतो. ही भानगड फक्त आमच्या भिंतीवर नव्हती, ती दिल्लीत संसदेपर्यंत गेली होती.

1995 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्या खंडपीठात आपले पी. बी. सावंत होते. त्याच वर्षी केबलचा कायदा झाला. लहरी जनतेच्या, पण वायर केबलवाल्याची. म्हणून कायद्याने वायरवाल्याला सांगितलं, दूरदर्शनचे किमान दोन चॅनेल दाखवलेच पाहिजेत. 2000 मध्ये दुरुस्ती झाली. दूरदर्शन मुख्य पट्ट्यात दाखवा, म्हणजे जुन्या बारा बटणांच्या सेटवालाही वंचित राहू नये. पुढचं कलम वाचताना तर मला अण्णांचा पीळ आठवला. हे चॅनेल उपग्रहावरून घ्या आणि हवेतून येणाऱ्या दूरदर्शनची जी फ्रिक्वेन्सी आहे ती सोडून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर दाखवा! दोन डोक्यांच्या बाईंचा बंदोबस्त थेट संसदेने केला.

कायदा चांगलाच होता. पण त्याने एक झालं. वायरीतच दूरदर्शन स्वच्छ दिसायला लागल्यावर गच्चीवर चढून अँटेना फिरवणार कोण? डबीचं बटण एकदा वर गेलं ते वरच राहिलं. आमच्याकडे ते पुन्हा खाली गेलं ते एकदाच. एका निवडणुकीच्या वेळी केबलवाल्याचं आणि एका पुढाऱ्याचं वाजलं, तीन दिवस अख्ख्या गावाची वायर बंद. ज्यांच्या अँटेना शाबूत होत्या त्यांच्याच घरी संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या. आमच्या पुढच्या खोलीत पंचवीस माणसं. तेव्हा कळलं की ती खालची बाजू कशासाठी असते.

पुढे सेट टॉप बॉक्स आले. छोट्या गावांसाठी शेवटची मुदत होती मार्च 2017. बॉक्सची जोडणी लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी झाली आणि अँटेनाचं भोक आपोआप मोकळं झालं. म्हणजे जे भांडण वीस वर्षं सुटत नव्हतं ते सुटलं, पण तोवर अँटेना भंगारात!

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. क्रिकेटचे जे सामने हक्कदार वाहिनीने कायद्याने प्रसार भारतीला द्यायचे, ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर दिसतील. म्हणजे अँटेनावर किंवा त्यांच्या फुकट छत्रीवर. केबलमधल्या दूरदर्शनवर नाही. सामना दूरदर्शनवर असायचा आणि केबलवरच्या दूरदर्शनवर भलतंच काहीतरी. लोक मला फोन करून विचारायचे, "पत्रकार, हे काय?" काय सांगणार? बटण खाली करा म्हणावं तर खाली काही उरलंच नव्हतं.

मग मार्च 2022 पर्यंत देशभरातले जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद करण्यात आले. सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे पन्नासेक सोडले. कारणं दिली ती खोटी नव्हती. तंत्र जुनं झालेलं, वीजबिल मोठं, बघणारे थोडे. पण बघणारे थोडे का झाले, यावर कुठे चर्चा झाल्याचं मी ऐकलं नाही. आणि दुसऱ्याला काय नावं ठेवू? आमच्या प्रक्षेपकाची बातमी मीच दिली होती. आठ ओळी, आतलं पान, खाली डाव्या कोपऱ्यात.

पाइप ठेवलाय. रंगाऱ्याने त्यालाही भिंतीचाच रंग फासला.

तुमच्या गावचा प्रक्षेपक कधी बंद झाला, आठवतंय का कुणाला? कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट.