कोड आपला, छप्पर कोणाचे?

ओपन सोर्स प्रकल्पाने गिटहब सोडून दुसरीकडे जावे का, हा वाद सॉफ्टवेअरच्या जगात पुन्हा पेटला आहे. आपल्यातले जे तरुण आयटीत आहेत, त्यांच्यापैकी बरेच जण म्हणतात, "फुकट मिळते, नीट चालते, मग उठाठेव कशाला?" मित्रांनो, फुकट जागा देणाऱ्यांचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास एकदा पाहू आणि मग या प्रश्नाचे उत्तर देऊ.

सुरुवात २००२ पासून करू. लिनक्सच्या गाभ्याचे काम तेव्हा बिटकीपर नावाच्या साधनावर होऊ लागले. हे साधन एका खाजगी कंपनीचे होते आणि लिनक्सवाल्यांना ते फुकट वापरू दिले जात होते. ही मेहेरबानी आहे, हक्क नाही, असे तेव्हाही काही जण बजावत होते. २००५ मध्ये वाद झाला आणि कंपनीने फुकट परवाना काढून घेतला. हजारो लोकांचे काम अडणार होते. त्या अडचणीतून लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. गिटचा मोठा गुण असा की प्रकल्पाची प्रत उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाकडे सगळा इतिहास येतो. मध्यवर्ती मालकाची गरजच उरत नाही. मालकाच्या मर्जीवर जगण्याचा फटका बसला, तेव्हा हे साधन जन्मले.

आणि तरीही २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबवर सगळे जग पुन्हा एकाच अंगणात जमा झाले. याला कारणेही होती. आधीची जागा होती सोर्सफोर्ज, १९९९ सालची. एकेकाळी ओपन सोर्स म्हणजे सोर्सफोर्ज असे समीकरण होते. पुढे तिथल्या डाउनलोडसोबत जाहिरातबाज सॉफ्टवेअर चिकटवून द्यायला सुरुवात झाली. चित्रांवर काम करण्याच्या गिंप या प्रकल्पाने २०१३ मध्ये सोर्सफोर्जवरून आपले विंडोजचे डाउनलोड हलवले. २०१५ मध्ये सोर्सफोर्जने गिंपचे तिथे उरलेले खाते स्वतःच्या ताब्यात घेतले आणि गिंपच्याच नावाखाली तसले पुडके वाटले. घर सोडून गेलेल्याच्या नावाची पाटी दारावर ठेवून आत दुकान थाटण्याचा हा प्रकार होता. २०१६ मध्ये नवे मालक आले आणि त्यांनी हा धंदा बंद केला, पण गेलेला विश्वास परत आला नाही.

गुगल कोडची गोष्ट वेगळी. तिथे कोणी फसवले नाही. मार्च २०१५ मध्ये गुगलने फक्त जाहीर केले की ही सेवा बंद होणार. त्या ऑगस्टपासून तिथे नवे काम बंद झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये दार लागले. गिटोरियस ही आणखी एक जागा २०१५ मध्येच गिटलॅबने विकत घेतली आणि काही महिन्यांत बंद केली. मालक वाईटच असावा लागतो असे नाही. त्याचा हिशोब बदलला की तुमचा पत्ता बदलतो.

आता गिटहबकडे येऊ. जून २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. लाखो लोकांनी फुकट लिहिलेला कोड, केलेल्या चर्चा, नोंदवलेल्या चुका यांच्यामुळे ती जागा इतकी महाग झाली होती. किंमत मात्र जागेच्या मालकाला मिळाली. पुढे २०२१ मध्ये गिटहबने कोपायलट आणले. सार्वजनिक कोडवर शिकवलेले हे यंत्र नंतर पैसे घेऊन विकले जाऊ लागले. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने जून २०२२ मध्ये थेट गिटहब सोडण्याची हाक दिली, त्यामागे हेही एक कारण होते.

पण माझ्या मते सगळ्यात बोलके उदाहरण जुलै २०१९ चे आहे. अमेरिकी निर्बंधांचे कारण देऊन गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमिया इथल्या लोकांच्या खात्यांवर बंधने घातली. सार्वजनिक कोड उघडा राहिला, पण खाजगी कामाची दारे एका रात्रीत बंद झाली. त्या तरुणांचा गुन्हा काय? जन्माचा आणि राहण्याचा पत्ता! कोड कसा लिहिला हे कोणी विचारले नाही. इराणसाठी ही बंधने उठायला जानेवारी २०२१ उजाडला. भारतालाही याची चव माहीत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळे रोखली गेली, त्या यादीत गिटहबचेही नाव होते. सगळ्यांचे काम एकाच दारातून जात असेल, तर ते दार लावणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

मग सगळ्यांनी उद्याच निघावे का? इथे दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पायथनसारख्या मोठ्या प्रकल्पाने फेब्रुवारी २०१७ मध्ये उलटा प्रवास केला. स्वतःच्या सर्व्हरवरून तो गिटहबवर गेला, कारण नव्या माणसाला हातभार लावणे तिथे सोपे होते. हा मुद्दा हलका नाही. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी संगणकाला हात लावला, ज्याची कंपनीत ओळखपाळख नाही, अशा मुलाचे गिटहबवरचे काम हीच त्याची शिफारस असते. नोकरी देणारा तिथेच बघतो. त्याला "तत्त्वासाठी सोड" असे सांगणे सोपे आहे, किंमत मात्र त्याने मोजायची. शिवाय स्वतःचा सर्व्हर चालवायला पैसा आणि रात्री जागणारी माणसे लागतात.

म्हणून ही जबाबदारी एकट्या मुलावर टाकू नये. ती प्रकल्पाची आहे. नोम या प्रकल्पाने २०१८ मध्ये आणि केडीईने २०२० मध्ये गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर उभे केले. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी कोडबर्ग आहे. बर्लिनमधली ही ना-नफा संस्था २०१८ मध्ये स्थापन झाली. ती सभासदांची आहे आणि निर्णय सभासद घेतात. झिग या प्रोग्रामिंग भाषेने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपले काम तिथे नेले. तेव्हा त्यांना कोड नेणे जड गेले नाही. जुन्या तक्रारींच्या नोंदी त्यांनी मागेच ठेवल्या. गिटहबमार्फत येणाऱ्या देणग्यांसाठी मात्र देणगीदारांना दुसरीकडे वळण्याची विनंती करावी लागली. इथेच खरी मेख आहे. गिटमुळे कोड कोणालाही उचलून नेता येतो. अडकून पडतात त्या चर्चा, तक्रारींच्या नोंदी, आपोआप होणाऱ्या चाचण्या, देणगीदार आणि माणसांची सवय. मालकाची पकड कोडवर नसते, या सगळ्यावर असते.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या प्रकल्पावर इतर लोक अवलंबून आहेत, त्याने आपले मूळ घर सभासदांच्या किंवा स्वतःच्या मालकीच्या जागेत न्यावे आणि गिटहबवर आरसा म्हणून एक प्रत ठेवावी. नवा मुलगा तिथून येईल, त्याचे नाव तिथेही दिसेल, पण कोणी दार लावले तर काम थांबणार नाही. आज हलणे जमत नसेल तर निदान तीन गोष्टी लगेच कराव्यात: प्रकल्पाचे डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावे, चर्चा आणि तक्रारींची प्रत दर महिन्याला उतरवून ठेवावी, आणि देणग्यांचा दुसरा मार्ग उघडावा.

बिटकीपरच्या वेळी इशारा देणाऱ्यांना लोक हट्टी म्हणत होते. तीन वर्षांत ते खरे ठरले. निघण्याची तयारी दार उघडे असतानाच करायची असते. तुम्ही ज्या प्रकल्पात काम करता, तिथे हा विषय पुढच्या बैठकीत मांडा.